एकच कण, दोन नावं



एक साधा प्रश्न विचारतो. ऑक्सिजनचा अणुभार किती?

मराठी शाळेत शिकलेले लगेच म्हणतील, १६. आमच्या इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी माध्यमात शिकलेले म्हणतील, ३२. गंमत अशी की दोघंही बरोबर आहेत. मराठीत ‘अणू’ म्हणजे मूलद्रव्याचा एकटा कण, आणि असे कण जोडून होतो तो ‘रेणू’. हिंदीत एकट्या कणाला ‘परमाणु’ म्हणतात आणि जोडून झालेल्याला ‘अणु’. ऑक्सिजनचा एकटा कण १६ चा. हवेत तो नेहमी जोडीनं फिरतो, म्हणून जोडी ३२ ची. मराठी माणूस एकट्याचं वजन सांगतो, हिंदीवाला जोडीचं. शब्द मात्र दोघांच्या तोंडी एकच, अणुभार.

घरात बसून हसायला हे ठीक आहे. पण नववीतल्या मुलीच्या पेपरावर याच शब्दापायी लाल फुली बसते तेव्हा हसू येत नाही. आज त्याबद्दलच लिहितोय. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी हा घोळ कुठून आला ते बघू. आपल्या जुन्या वैशेषिक परंपरेत, कणादांचं नाव जिच्याशी जोडलेलं आहे तिच्यात, एक शिडी आहे. सगळ्यात खाली परमाणु, ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत. दोन मिळून द्व्यणुक. तीन द्व्यणुकं मिळून त्र्यणुक, त्यालाच त्रसरेणु म्हणतात. झरोक्यातून उन्हाची तिरीप आत आली की तिच्यात धुळीचे जे कण नाचताना दिसतात, ते त्रसरेणु. (कणादांनी डाल्टनच्या आधी सगळं शोधलं होतं, असं मी म्हणत नाहीये. डाल्टनचा अणू तराजूवर वजनं करून आला, आपला तर्कातून आला. दोन्ही थोर, पण एक नव्हेत.) तर परमाणु, अणु, रेणु अशा तीन पायऱ्या शब्दांच्या रूपात आपल्याकडे आधीपासून होत्या. शाळेच्या रसायनाला हव्या होत्या दोनच. हिंदीनं खालच्या दोन घेतल्या, परमाणु आणि अणु. मराठीनं वरच्या दोन घेतल्या, अणू आणि रेणू. मधली पायरी दोघांच्याही वाट्याला आली, आणि नेमकी तिथेच ठेच लागते.

हिंदी एकटी नाही. बडोद्याच्या मंडळींना विचारा, गुजराती पुस्तकातही परमाणु आणि अणुच. बेळगावात कन्नड शाळेत जाणारी मुलंही परमाणु आणि अणुच म्हणतात. म्हणजे या तिन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची शिडी एक आणि आपली एक पायरी वर. महाराष्ट्राच्या आत राहणाऱ्याला हे आयुष्यभर कळायचं कारण नाही. ते कळतं आपल्यासारख्यांना, ज्यांच्या घरात एक भाषा आणि फळ्यावर दुसरी.

हैदराबादचा मामला आणखी निराळा. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचं म्हणून सुरू झालं, आणि त्यासाठी शास्त्राची पुस्तकं उर्दूत आणायला खास भाषांतर खातं होतं. निजामाच्या राज्यातल्या मराठी मुलांनाही वरचं शिक्षण उर्दूतूनच घ्यावं लागे. आमच्या आत्याचे यजमान, आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो, तिकडेच उर्दूतून मॅट्रिक झालेले. आमच्या घरी अणू की परमाणु असा वाद निघाला की ते मधेच म्हणायचे, “आमचा तर जौहर होता बुवा. आणि दोन जौहर एकत्र आले की सालिमा.” आम्हा पोरांना जौहर म्हटलं की चितोडच्या राण्या आठवायच्या. मूलद्रव्याला ते उन्सुर म्हणत, संयुगाला मुरक्कब, मिश्रणाला आमेजा. गोव्याकडे पोर्तुगीज काळात लिसियममध्ये शिकलेल्यांचा नायट्रोजन तर ‘अझोत’ असायचा. कण सगळीकडे तोच.

आमच्या घराचं सांगायचं तर वडील इंदूरच्याच मराठी शाळेत शिकले, मी त्याच शहरात हिंदी शाळेत. एका पिढीत शहर तेच राहिलं, फळा बदलला. वडील मला शिकवायला बसले की आधी दहा मिनिटं दुभाषाचं काम चालायचं. ते म्हणायचे मूलद्रव्य, माझ्या कॉपीत असायचं तत्व. ते संयुग म्हणायचे, मी यौगिक. मिश्रण तेवढं दोन्हीकडे मिश्रण. तिथे आलो की दोघांनाही हायसं वाटायचं.

पण वडिलांची एक पद्धत फार चांगली होती. शब्दात अडकलो की ते उठून स्वैपाकघरात जायचे आणि मांडणीवरची भांडी खाली काढायचे. “हा तांब्याचा हंडा. यात तांब्याशिवाय काही नाही. कितीही बारीक किसलास तरी तांबंच. हे मूलद्रव्य. हे पितळेचं पातेलं. यात तांबं आणि जस्त. पण कारागिराच्या मर्जीप्रमाणे प्रमाण कमी-जास्त होतं. म्हणून हे मिश्रण, दिसायला भले एकजीव असो. आतली कल्हई म्हणजे कथील, पुन्हा मूलद्रव्य. आणि हे मीठ. यात सोडियम आणि क्लोरिन ठरलेल्याच प्रमाणात, २३ ला साडेपस्तीस. इंदूरचं घ्या की समुद्राकाठचं, प्रमाण हलत नाही. हे संयुग.” मग पोह्यांवर घालायच्या जिरावणाची बाटली पुढे करायचे. “आणि हे? डोळ्यांनी धने, मिरची, काळं मीठ वेगळं दिसतंय. हे मिश्रण, आणि तेही विषमांगी.”

प्रमाण ठरलेलं आहे की माणसाच्या हातात आहे, संयुग आणि मिश्रण यांच्यातला फरक मला तिथे कळला. पुढे मी स्वतः तीस-बत्तीस वर्षं हिंदी माध्यमात रसायन शिकवलं, तेव्हा सराफ्याचं उदाहरण द्यायचो. चोवीस कॅरेट सोनं म्हणजे मूलद्रव्य. बावीस कॅरेट म्हणजे चोवीस भागांत बावीस भाग सोनं आणि दोन भाग दुसरा धातू, म्हणजे मिश्रण. पोरं विसरत नसत, कारण घरी आईच्या बांगड्या असतच.

आता मुद्द्याची गोष्ट.

तीन-चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांची बदली नाशिकहून इंदूरला झाली. भाची तिकडे मराठी माध्यमातून आठवी झालेली. बालभारतीच्या पुस्तकातले ‘अणूचे अंतरंग’ आणि ‘द्रव्याचे संघटन’ हे धडे तिला तोंडपाठ, आणि नुसते पाठ नाहीत, समजलेले. इथे नववीत हिंदी माध्यमाच्या शाळेत नाव घातलं. बोलायला हिंदी येत होतीच, मग घरच्यांना वाटलं काय अडचण आहे.

तिमाही परीक्षेत प्रश्न आला, परमाणु और अणु में अंतर लिखिए. पोरीनं आपल्या समजुतीनं लिहिलं की अणु म्हणजे तत्त्वाचा सर्वात लहान कण, जो रासायनिक क्रियेत भाग घेतो. आणि दोन किंवा जास्त अणु जोडून रेणु बनतो. परमाणु हा शब्द तिला अणुबॉम्बच्या बातम्यांतून माहीत, म्हणून तिला वाटलं ते अणूचंच भारदस्त नाव. पूर्ण उत्तरावर फुली. पुढे क्षाराचा प्रश्न. मराठी शाळेत आम्ल, आम्लारी आणि क्षार. क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी एकत्र आल्यावर तयार होतो तो, मिठासारखा. हिंदीत त्याला लवण म्हणतात, आणि क्षार म्हणजे उलट अल्कली, मराठीतली आम्लारी. म्हणजे पोरीनं क्षार लिहिलं की वाचणाऱ्याला तिनं मिठाला कॉस्टिक सोड्याच्या रांगेत बसवलंय असं दिसणार. तिथेही फुली. (गुजरातीत मात्र क्षार म्हणजे मराठीसारखंच, मीठ-जात. आणि मराठीतही सगळे एकमुखी नाहीत, विश्वकोशाच्या नोंदींत ‘लवण’ भेटतं. तेव्हा कुणी कुणाला अशुद्ध म्हणायचं कारण नाही.)

रिझल्टच्या दिवशी वर्गशिक्षिका बहिणीला म्हणाल्या, “बच्ची मेहनती है, पर केमिस्ट्री का बेसिक ही क्लियर नहीं है.” बहिणीनं हे शब्द घरी आणून जसेच्या तसे मला ऐकवले आणि म्हणाली, “दादा, हिला दहावीनंतर सायन्स नकोच. कॉमर्सला टाकते. उगाच पोरीचे हाल कशाला?” भाची खाली मान घालून बसलेली. तिला आठवीत विज्ञानात वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. चार महिन्यांत ती स्वतःच मानायला लागली होती की आपल्याला काही येत नाही.

मंडळी, मला त्या दिवशी जे खुपलं ते हे. मार्क गेले, त्याचं एवढं नाही. पोरीला जे येत होतं तेच येत नाही असं ठरलं, आणि तिलाही ते पटलं. चौदा वर्षांच्या मुलीचं पुढचं आयुष्य एका पायरीच्या फरकावर वळायला निघालं होतं.

मी तिला म्हटलं, “आज पुस्तक बंद. हरभरे, साबुदाणा आणि थोडी कणीक घेऊन ये.”

हरभरा म्हणजे ऑक्सिजन, साबुदाणा म्हणजे हायड्रोजन. ताटात एक सुटा हरभरा ठेवला. “हे काय?” ती म्हणाली, “अणू.” मी म्हटलं, “नाशिकला अणू, इंदूरला परमाणु.” कणकेनं दोन हरभरे चिकटवले. “हे रेणू,” ती म्हणाली. “नाशिकला रेणू, इंदूरला अणु.” मग एका हरभऱ्याला दोन साबुदाणे. “पाण्याचा रेणू. म्हणजे पाण्याचा अणु.” ताटात एका बाजूला नुसत्या हरभऱ्यांच्या जोड्या, ते तत्व. मधे सगळे हरभरा-साबुदाण्याचे त्रिकूट, ते यौगिक. एका कडेला दोन्ही सरमिसळ, ते मिश्रण. यौगिक शब्दाला ती हसली. म्हणाली, “मामा, मला वाटायचं योगासनांचं काहीतरी.” नाभिकालाही तिची अशीच अडचण होती. हिंदीत नाभिक म्हणजे अणूचं केंद्रक. आपल्याकडे नाभिक समाज म्हणजे केशकर्तनाचा व्यवसाय करणारे लोक. पुस्तकात ‘नाभिक में प्रोटॉन होते हैं’ वाचून ती पहिल्यांदा बराच वेळ थांबली होती म्हणे. हे सगळं ती वर्गात कुणाला विचारणार?

मग मी तिला सांगितलं, बाहेर जेवढा गोंधळ आहे तेवढा आत नाही. अणूच्या आत शिरलीस की भांडण मिटतं. प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन हे शब्द मराठीत, हिंदीत, गुजरातीत, कन्नडमध्ये, सगळीकडे तेच. कारण हे पाहुणे उशिरा आले. थॉमसननं इलेक्ट्रॉन शोधला १८९७ मध्ये, रदरफर्डला केंद्रक सापडलं १९११ मध्ये, चॅडविकनं न्यूट्रॉन दाखवला १९३२ मध्ये. त्यांना आपण आपल्या नावानं हाक मारली नाही, त्यांच्याच नावानं घरात घेतलं. म्हणून अकरा प्रोटॉन म्हणजे सोडियम. बारा झाले की मॅग्नेशियम. मराठीत त्या आकड्याला अणुअंक म्हणा, हिंदीत परमाणु क्रमांक म्हणा, अकराचे बारा होत नाहीत. सोडियमचे अकरा इलेक्ट्रॉन दोन, आठ, एक असे बसतात. क्लोरिनचे सतरा, दोन, आठ, सात. एकाला शेवटचा एक जड झालेला, दुसऱ्याला एक कमी पडतोय. सोडियमनं तो देऊन टाकला, क्लोरिननं घेतला, झालं मीठ. मराठीतली कवचं हिंदीत कक्षा किंवा कोश झाली तरी देणं-घेणं तेच.

आकाराचं सांगताना राजवाडा उपयोगी पडला. हायड्रोजनचं केंद्रक एक सेंटीमीटरच्या हरभऱ्याएवढं धरून राजवाड्यासमोर ठेवलं, तर त्याच्या इलेक्ट्रॉनचा पसारा पाच-सहाशे मीटर रुंद होईल. मागचा सराफाही त्यात येईल. मधे सगळं रिकामं. भाची म्हणाली, “मग आपण रिकामेच?” म्हटलं, “बहुतेक. वजन सगळं त्या हरभऱ्यात.”

आणि मग तिनंच एक प्रश्न विचारला, ज्यानं मला खात्री पटली की या पोरीचं बेसिक शाबूत आहे. म्हणाली, “मामा, मग मिठाचा रेणू कुठला? सोडियमनं तर इलेक्ट्रॉन देऊन टाकला, ते चिकटले कुठे?” अहो, हा प्रश्न माझ्या तीस वर्षांत फार थोड्या मुलांनी विचारला. खरंच मिठाच्या खड्यात सुटा रेणू नसतोच. सोडियम आणि क्लोरिनचे भारित कण, आयन, आळीपाळीनं सगळ्या दिशांना रचलेले असतात. कोण कुणाचा जोडीदार ते सांगता येत नाही. फक्त मोजणी सांगता येते, एकास एक. तांब्याच्या हंड्यातही रेणू नाहीत. आणि हेलियम एकटाच फिरतो, त्याचा अणू आणि रेणू एकच. म्हणजे रेणू हा शब्द मराठीत म्हणा की हिंदीत त्याच्या जागी अणु म्हणा, तो सगळ्या पदार्थांना लागत नाही. हे ज्या मुलीला आपणहून सुचतं, तिला कॉमर्सला टाकायची घाई कशाला?

दुसऱ्या दिवशी आम्ही एक कोरा कागद घेतला आणि उभे दोन रकाने पाडले, नाशिक आणि इंदूर. मूलद्रव्य, तत्व. संयुग, यौगिक. अणू, परमाणु. रेणू, अणु. केंद्रक, नाभिक. संयुजा, संयोजकता. वस्तुमान, द्रव्यमान. आम्लारी, क्षारक. क्षार, लवण. जे शब्द दोन्हीकडे आहेत पण अर्थ वेगळा, म्हणजे अणु आणि क्षार, त्यांना तिनं लाल गोल केला. म्हणाली, “बाकीचे शब्द नवीन आहेत, ते पाठ होतील. हे दोन ओळखीचे आहेत, हेच फसवतात.” मी शिकवताना इतकं नेमकं कधी बोललो नव्हतो.

तो कागद घेऊन मी तिच्या शिक्षिकांना भेटलो. भांडायला नाही. त्यांनी कागद नीट वाचला. त्यांना मराठीतला हा फरक ठाऊकच नव्हता, आणि ठाऊक असायचं कारणही नव्हतं. पण त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मलाही पटली. म्हणाल्या, “सर, मैं समझ भी लूँ, तो बोर्ड में कॉपी किसके पास जाएगी, कौन जाने? वहाँ तो अणु माने अणु.” खरं आहे. परीक्षकाला पोरीचं गाव दिसत नाही, शब्द दिसतो. म्हणून ठरलं की परीक्षेत पेपराचाच शब्द. बाईंनी एक केलं, त्याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे. पुढच्या सत्रात वर्गात कुणी दुसऱ्या राज्यातून आलं की त्या आधी विचारायला लागल्या, तुम्हारे यहाँ इसको क्या कहते थे?

भाचीचा धीर मात्र लगेच परतला नाही. शब्द बदलले तरी मनात ‘आपण कच्चे’ हे बसलेलं. तेव्हा मी तिला थोरामोठ्यांच्या गोंधळाची गोष्ट सांगितली. डाल्टननं १८०८ मध्ये आपलं अणूंचं पुस्तक काढलं, तेव्हा तो पाण्याच्या कणालाही ‘संयुक्त अणू’च म्हणायचा. त्याच्या हिशेबात पाणी म्हणजे एक हायड्रोजन, एक ऑक्सिजन. १८११ मध्ये इटलीच्या अव्होगाड्रोनं सांगितलं की वायूंचे कण जोडीनं असू शकतात, एकटा कण आणि जोडलेला कण यांत फरक करा. पण त्यानं दोन्हींना ‘रेणू’ या अर्थाचाच फ्रेंच शब्द वापरला, पुढे फक्त वेगवेगळी विशेषणं लावली. बरीच वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. कुणी ऑक्सिजनचा भार ८ धरी, कुणी १६. एकाच पदार्थाची सूत्रं चार जण चार तऱ्हेनं लिहीत. शेवटी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला शंभराहून जास्त रसायनशास्त्रज्ञ जमले. कशासाठी? तर अणू कशाला म्हणायचं आणि रेणू कशाला, हे ठरवायला. तिथे इटलीच्या कान्निझारोची एक पुस्तिका वाटली गेली, तिनं अव्होगाड्रोचं म्हणणं उलगडून दाखवलं आणि हळूहळू गाडी रुळावर आली. त्या सभेत मेंडेलीव्ह नावाचा तरुण रशियन बसला होता. अणुभार एकदा नीट लागल्यावर १८६९ मध्ये त्यानं मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडली.

“म्हणजे मोठमोठ्या लोकांनाही पन्नास वर्षं लागली?” भाचीनं विचारलं.

“हो. तुला तर पंधरा दिवस पण नाही लागले.”

छमाहीत तिला केमिस्ट्रीत चांगले नंबर आले. दहावीनंतर सायन्सच घेतलं. बहीण आता कॉमर्सचं नाव काढत नाही. इथवर गोष्ट गोड आहे.

पण एक दुसरी बाजू आहे. भाचीचा धाकटा भाऊ इथे आला तेव्हा दुसरीत होता. त्याचं सगळं शिक्षण हिंदीतून चाललंय. परवा ताईच्या जुन्या पुस्तकात मूलद्रव्य शब्द वाचून तो म्हणाला, “मामा, ये कौन-सा लिक्विड है?” त्यानं द्रव्य म्हणजे द्रव वाचलं. घरात तो मराठी बोलतो, चांगली बोलतो. गणपतीची आरती म्हणतो, मंडळाच्या नाटकात कामही करतो. पण पदार्थ, अणू, ऊर्जा, पेशी यांबद्दल बोलायचं झालं की त्याची मराठी संपते आणि हिंदी सुरू होते. त्यात त्याचा काही दोष नाही. आमच्या शहरात रामबागेत, लोकमान्य नगरात, राजेंद्र नगरात मराठी अजून ऐकू येते. पण ती सणाची, जेवणाची, नात्यांची मराठी आहे. माझ्या वडिलांची मराठी तांब्याच्या हंड्यापासून मूलद्रव्यापर्यंत जायची. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी एकोणिसाव्या शतकातच मराठीत रसायनाची पुस्तकं लिहिली होती. असली मराठी आमच्याकडे एका पिढीत आटली, आणि ती आटताना कुणी आवाज केला नाही, कारण सण चालू होते.

मी असं म्हणत नाही की पोरांना हिंदी नको, इंग्रजी नको. पोट ज्या भाषेत भरतं ती शिकलीच पाहिजे. पण दोन रकान्यांचा एक कागद प्रत्येक घरात असायला काय हरकत आहे? आपल्यासारखे राज्याबाहेरचे मराठी लोक दोन-दोन, तीन-तीन शब्द एका वस्तूला जाणतात. ते कुणी शेजारी शेजारी मांडले तर ती श्रीमंती आहे. मांडले नाहीत तर मधल्या फटीत एखादं पोर पडतं आणि सगळे म्हणतात, बेसिक कच्चं.

म्हणून ज्यांच्या घरी बदलीमुळे किंवा लग्नामुळे मुलं एका भाषेतून दुसऱ्या भाषेच्या शाळेत जाणार आहेत, त्यांना माझ्या अनुभवातून एवढंच सांगेन. मुलाला काही येत नाही असं शाळेनं म्हटलं तर आधी त्याला वस्तू दाखवून विचारा, शब्दानं विचारू नका. हरभरा-साबुदाणा पुरतो. त्याला वस्तू कळली असेल तर राहिलं फक्त भाषांतर, आणि ते होण्यासारखं असतं. नव्या शब्दांची फार काळजी करू नका, ओळखीच्या शब्दांवर नजर ठेवा. आणि शाळेत जाऊन एकदा शांतपणे सांगा की आमच्याकडे याला असं म्हणत. बहुतेक शिक्षक ऐकतात.

भाचीचा तो कागद माझ्याकडे आहे. आता त्यात तिनं तिसरा रकाना पाडलाय, इंग्रजीचा, कारण पुढे कॉलेजात तेच लागणार. आतोबांचे जौहर, सालिमा, उन्सुर मी चौथ्यात माझ्या हातानं लिहिले. बडोदे, बेळगाव आणि गोव्याचे रकाने अजून रिकामे आहेत. तिकडच्या मंडळींनी आपापल्या शाळेतले शब्द खाली लिहावेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहिलेत तर फारच उत्तम, कारण ते शब्द पुस्तकात सापडतील याची मला खात्री वाटत नाही.